धूर वेगळा, आच वेगळी: घरच्या स्मोकरमधला हॉटडॉग

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. वाचनाच्या सोयीसाठी उपशीर्षकं घातली आहेत. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न आणि उत्तरं दिली आहेत.)



आजचा विषय वाचून काहींना हसू आलं असेल. हॉटडॉग, तोही स्मोकरमध्ये, आणि तोही नांदेड-लातूरकडे! पण जरा आजूबाजूला बघा. कोंबडीच्या सॉसेजची गोठवलेली पाकिटं आता जिल्ह्याच्या गावी मिळतात. झाकणाची कोळशाची शेगडी घरपोच येते. पुण्या-हैदराबादला शिकणारी मुलं सुट्टीत गावाकडे येतात, मोबाइलवर अमेरिकेतला एखादा व्हिडिओ बघतात आणि शेतात जुन्या पत्र्याच्या पिंपाला भोकं पाडून 'स्मोकर' तयार करतात. हौस चांगली आहे. ती करू नका असं सांगायला आम्ही आलेलो नाही.

अडचण एवढीच आहे, की तो व्हिडिओ जिथला असतो तिथे मांस कारखान्यापासून घरापर्यंत थंडगार साखळीतून येतं. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, वीज जाते, आणि खाटकाकडून आणलेला खिमा पिशवीत अर्धा तास उन्हात फिरतो. कृती तीच राहते, पण परिस्थिती बदलते. म्हणून कृतीच्या मागचं कारण समजून घ्यायला हवं.

आज एकच गोष्ट सांगायची आहे. धुराने चव येते आणि आचेने पदार्थ खाण्याजोगा होतो. स्मोकरमध्ये या दोन्ही गोष्टी एकाच झाकणाखाली घडतात, म्हणून त्या एकच आहेत असं वाटतं. त्या एक नाहीत. सगळा धोका या गल्लतीतून येतो.

आपल्या घरातल्या तीन जुन्या रीती

स्मोकर हे यंत्र नवं असलं तरी त्यातलं तत्त्व आपल्याला नवं नाही. मराठवाड्यातल्या तीन रीती आठवा.

पहिली रीत धुंगाराची. नांदेड, लातूर हा सगळा भाग १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, आणि तिथल्या स्वयंपाकाची छाप आपल्या मटणावर, डाळीवर अजून आहे. कालवण तयार झालं, की मधोमध एक वाटी ठेवायची, तीत लालबुंद निखारा टाकायचा, त्यावर चमचाभर तूप सोडायचं आणि झाकण दाबायचं. पाच मिनिटांत धुराचा वास आत मुरतो. पण धुंगार देताना पदार्थ शिजत नाही. तो आधीच शिजलेला असतो. कच्च्या मटणाला धुंगार देऊन कुणी ताटात वाढत नाही. म्हणजे धूर आणि आच वेगळी असतात, हे आपल्या घरातल्या बायकांना पिढ्यानपिढ्या माहीत आहे.

दुसरी रीत हुरड्याची. आगटीत गोवऱ्यांचा आर पडला, की कोवळी कणसं त्यात खुपसायची. इथे धूरही लागतो, पण काम करते ती आच. दाणा दोन-चार मिनिटांत भाजतो, कारण तो लहान आहे आणि निखारा थेट त्याला भिडतो.

तिसरी रीत वाळवणाची. मांसाच्या लांब, पातळ पट्ट्या कापून उन्हात कडक वाळवायच्या, त्याला चान्या म्हणतात. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ साली आलेल्या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद केली आहे. त्यात ही चान्यांची परंपरा येते. फ्रिज नव्हता, विकतचं परवडत नव्हतं, त्या काळात मिळालेलं मांस पुढे पुरवून खायचा तो उपाय होता. इथे मांस टिकतं ते पाणी गेल्यामुळे. जंतूंना वाढायला पाणी लागतं. पट्टी कडकडीत वाळली की त्यांची वाढ थांबते.

आता हॉटडॉग घ्या. तो धुंगाराच्या कालवणासारखा पातेल्यात उकळत नाही. हुरड्यासारखा चिमुकला नाही. चान्यांसारखा कोरडाही नाही, उलट चांगला ओलसर, जाडसर आणि चरबीचा असतो. जंतूंसाठी याहून सोयीची जागा नाही. त्यामुळे या तिन्ही रीतींतलं संरक्षण त्याला आपोआप मिळत नाही. ते आपल्याला द्यावं लागतं.

हॉटडॉग म्हणजे नेमकं काय

फ्रँकफर्ट शहराच्या नावावरून फ्रँकफर्टर आणि व्हिएन्नावरून वीनर. जर्मन भाषक स्थलांतरितांनी एकोणिसाव्या शतकात हे सॉसेज अमेरिकेत नेलं आणि तिथे ते लांबट पावात बसलं. मांस अगदी बारीक वाटून, त्यात चरबी, बर्फ, मीठ आणि मसाला घालून लोण्यासारखा लगदा करतात, तो आवरणात भरतात, आणि कारखान्यातच पूर्ण शिजवतात. बऱ्याचदा धूरही तिथेच देतात.

अमेरिकेत तो बीफचा किंवा डुकराच्या मांसाचा असतो. आपल्याकडे गोहत्येवर १९७६ च्या कायद्याने बंदी आहे आणि २०१५ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आले. डुकराचं मांस बहुतेक घरांत चालत नाही. शिवाय नांदेडसारख्या शहरात कुणाला हलाल लागतं, कुणाला झटका. त्यामुळे आपल्या बाजारातला हॉटडॉग म्हणजे बहुतेक वेळा कोंबडीचं सॉसेज.

इथे पहिला महत्त्वाचा फरक करायचा. आपल्या हातात येणारं सॉसेज दोन प्रकारचं असू शकतं. एक, कारखान्यात शिजवलेलं. दोन, कच्चं: घरी खिम्यापासून केलेलं, किंवा पाकिटातलं पण न शिजवलेलं. दिसायला दोन्ही सारखी असू शकतात. पाकिटावरचा बारीक मजकूर वाचा. फक्त गरम करून खायचं की पूर्ण शिजवायचं, ते तिथे लिहिलेलं असतं. रंगावर जाऊ नका. कारखान्यातल्या सॉसेजचा गुलाबी रंग नायट्राइट या क्षारामुळे टिकतो. तो कच्चेपणाची खूण नाही आणि शिजल्याचीही नाही.

पाकीट विकत घेतानाही बघा. सॉसेज एकमेकांना चिकटून एकच गोळा झाला असेल, आत बर्फाचा थर साठला असेल, तर माल वाटेत कुठेतरी वितळून परत गोठलेला आहे असं समजा. तो ठेवून द्या.

खिमा आणि तुकडा यांत फरक काय

मटणाच्या अखंड तुकड्यावर जंतू असतात ते बहुतेक पृष्ठभागावर. बाहेरून नीट भाजलं की ते मरतात. पण तोच तुकडा खिमायंत्रातून काढला, की बाहेरचं सगळं आत जातं. खिम्याचा प्रत्येक कण हा एक पृष्ठभागच आहे. म्हणून खिम्याचा पदार्थ मध्यापर्यंत गरम व्हायलाच हवा.

आकडे लक्षात ठेवायला सोपे आहेत. बोकडाच्या किंवा इतर प्राण्यांच्या खिम्याचं सॉसेज आत ७१ अंश सेल्सिअसपर्यंत जायला हवं. कोंबडीचं ७४ अंशांपर्यंत. घरी सगळ्यांसाठी ७४ हा एकच आकडा धरा, म्हणजे गोंधळ नको.

दुसरा आकडा आहे ४ ते ६० अंश. या पट्ट्यात जंतू जोमाने वाढतात. मांस या पट्ट्यात एकूण दोन तासांहून जास्त राहू नये. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. आता आपल्याकडे वर्षातले किती महिने दुपारी ३२ च्या वर असतात, ते तुम्हीच मोजा. व्हिडिओतला माणूस सॉसेज 'थोडं सुकायला' म्हणून बाहेर टांगतो. लातूरच्या एप्रिलमध्ये ते करायचं नाही. सुकवायचं असेल तर फ्रिजमध्ये, उघड्या ताटलीत.

आणि 'परत गरम केलं की झालं' हेही खरं नाही. काही जंतू वाढताना विष तयार करतात. माणसाच्या हातावर, नाकात राहणारा स्टॅफिलोकॉकस हा त्यातला एक. त्याचं विष उकळीलाही दाद देत नाही. जंतू मरतात, विष राहतं. लग्नाच्या जेवणात दुपारचं उरलेलं रात्री गरम करून वाढलं आणि तरी विषबाधा झाली, अशा बातम्यांच्या मागे हे एक कारण असू शकतं.

धुराने मांस सुरक्षित होतं का?

लोकांचा समज असतो की धूर दिला म्हणजे पदार्थ टिकाऊ झाला. इतिहासात याची मोठी किंमत मोजलेली आहे.

बोट्युलिझम हा विषबाधेचा भयंकर प्रकार. हे नाव 'बोट्युलस' या लॅटिन शब्दावरून आलं, आणि त्याचा अर्थच सॉसेज. जर्मनीतल्या व्युर्टेंबर्ग भागात लोक सॉसेज खाऊन दगावत होते. युस्टिनस केर्नर हे तिथले वैद्य आणि कवीही. त्यांनी १८२० च्या सुमारास अशा रोग्यांची लक्षणं नीट नोंदवली: डोळ्यांपुढे धूसर होणं, तोंड कोरडं पडणं, गिळता न येणं, शेवटी श्वास बंद पडणं. पुढे डिसेंबर १८९५ मध्ये बेल्जियममधल्या एल्झेल गावात एका अंत्यविधीनंतर वादक मंडळी जेवायला बसली. जेवणात खारवून धूर दिलेलं डुकराचं मांस होतं. अनेक जण आजारी पडले, तिघांचा मृत्यू झाला. एमिल व्हान एर्मेंगेम यांनी त्या मांसातूनच या रोगाचा जंतू शोधून काढला.

त्या मांसाला धूर दिलेला होता, मीठही लावलेलं होतं, हे लक्षात घ्या. धुरात जंतूंना थोडाफार आळा घालणारी द्रव्यं असतात, पण ती वरच्या पातळ थरापुरती. सॉसेजच्या पोटात धूर पोचतच नाही.

मग गोव्याचा चोरीस कसा टिकतो, असं कुणी विचारेल. त्यात भरपूर मीठ असतं, व्हिनेगरची आंबट बाजू असते, तो उन्हात आणि चुलीवरच्या धुरात वाळवून बराच कोरडा केलेला असतो, आणि खाण्याआधी पुन्हा शिजवला जातो. चार-पाच राखणदार एकत्र उभे आहेत, त्यातला धूर हा एक. हॉटडॉगला यातला एकही राखणदार पुरेसा मिळत नाही. म्हणून त्याचा भार आचेवर आणि फ्रिजवर.

नायट्राइटबद्दलही सांगायला हवं, कारण व्हिडिओत 'पिंक सॉल्ट' घाला असं सांगतात. ते आपलं सैंधव नव्हे, हिमालयातलं गुलाबी मीठही नव्हे. ते नायट्राइट मिसळलेलं मीठ असतं आणि ओळखू यावं म्हणून मुद्दाम गुलाबी केलेलं असतं. शुद्ध नायट्राइटचं प्रमाण किती कमी हवं? अमेरिकेत खिम्याच्या पदार्थांना किलोमागे साधारण १५६ मिलिग्रॅम ही वरची मर्यादा आहे. म्हणजे पाच ग्रॅमची एक चिमुकली पुडी तीसेक किलो मांसाची मर्यादा गाठते. ते जास्त पोटात गेलं तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद जाते, जीवही जाऊ शकतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर हा अंदाज करायचा नाही. घरच्या सॉसेजला साधं मीठ पुरे. रंग गुलाबी न येता तपकिरी येईल, येऊ द्या. सोराही वापरू नका.

चांगला धूर, वाईट धूर

लाकडात मुख्यतः सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन असतं. पहिली दोन तापून तुटली की वरचा तांबूस रंग आणणारी द्रव्यं तयार होतात. लिग्निन तुटलं की ग्वायकॉल, सिरिंगॉल अशी द्रव्यं निघतात. आपण ज्याला 'धुराचा खमंग वास' म्हणतो तो मुख्यतः यांचा.

लाकूड नीट पेटलं नाही, हवा कमी पडली, की दाट पांढरा धूर येतो. डोळ्यांना झोंबतो आणि पदार्थ कडवट, काजळीच्या चवीचा होतो. हवा बरोबर मिळाली की धूर पातळ, निळसर, जेमतेम दिसणारा होतो. तो हवा. धूर जितका जास्त तितकी चव जास्त, असं मुळीच नाही. मांसातली चरबी थेट ज्वाळेवर गळली तर तिच्यातून बेंझोपायरीनसारखी कर्करोगाशी जोडलेली द्रव्यं तयार होऊन पदार्थावर बसतात. म्हणून खाली चरबी झेलायला ताटली ठेवायची.

आता लाकूड कोणतं? हिकरी आणि सफरचंदाचं लाकूड मागवायची गरज नाही. आपल्याकडे आंबा आहे, पेरू आहे, चिंच आहे. केशर आंब्याच्या बागेत छाटणी झाली की फांद्या पडलेल्याच असतात. त्या सहा महिने सावलीत वाळवा, साल खरवडून काढा. आंबा, पेरू यांचा धूर सौम्य. बाभूळ कठीण आणि दमदार, तिचा निखारा छान टिकतो, पण धूर उग्र, म्हणून जपून वापरा.

काय नको तेही नीट ऐका. लिंबाचं म्हणजे कडुलिंबाचं लाकूड नको, कडवटपणा येतो. निलगिरी नको, त्यात तेल असतं. खोक्यांचं चिडाचं लाकूड नको, त्यात राळ असते. तुऱ्हाट्या भडकन पेटून विझतात, त्या चुलीलाच ठीक. पऱ्हाट्या तर नकोतच, कापसावर किती फवारण्या होतात ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत. सुताराकडचा भुसा स्वस्त मिळतो म्हणून आणू नका. त्यात प्लायवूड, डिंक, पॉलिश काय काय मिसळलेलं असतं. आणि कण्हेर, रुई ही विषारी झाडं धुरालाही नकोत आणि सळई म्हणूनही नकोत.

प्रत्यक्ष कृती

आधी भांडं. झाकणाची कोळशाची शेगडी असेल तर उत्तम. पिंप वापरणार असाल तर त्यात पूर्वी काय होतं ते खात्रीने माहीत हवं. कीटकनाशकाचं, रसायनाचं, ऑइलचं पिंप कितीही धुतलं तरी नको. जस्ताचा मुलामा असलेला पत्राही नको, तापला की त्याची वाफ अपायकारक. आतला रंग आधी मोकळ्या जागेत पूर्ण जाळून काढायचा.

निखारे एका बाजूला करा. दुसऱ्या बाजूला, जिथे सॉसेज येणार तिथे, खाली पाण्याची ताटली ठेवा. ती चरबी झेलते आणि आतली हवा फार कोरडी पडू देत नाही. निखाऱ्यावर मुठीएवढे दोन लाकडाचे तुकडे. ते भिजवू नका. भिजवलेलं लाकूड आधी वाफच सोडतं, धूर उशिरा देतं. वरचं भोक पूर्ण उघडं ठेवा आणि खालच्या भोकाने हवा कमी-जास्त करा. दहा-पंधरा मिनिटं थांबा. पांढरा धूर पातळ झाला की मगच सॉसेज ठेवायचं.

आतली हवा ११० ते १२० अंशांच्या आसपास हवी. त्यासाठी ओव्हनचा थर्मामीटर जाळीवरच ठेवा. दुसरा थर्मामीटर खुपसायचा, सॉसेजच्या टोकातून लांबीच्या दिशेने, मधोमध. या दोन वस्तू स्मोकरपेक्षा महत्त्वाच्या आहेत. पैसे मोजके असतील तर आधी थर्मामीटर घ्या, स्मोकरचं नंतर बघू.

शिजवलेलं सॉसेज फ्रिजमध्ये वितळवून, पुसून कोरडं करून ठेवलं, की साधारण ४५ मिनिटं ते एक तासात आत ७४ अंश होतात. मध्ये एकदा उलटा. कातडी सुरकुतते, तांबूस तपकिरी होते. कातडी फुटून चरबी वाहायला लागली तर आच जास्त झाली. शिजवलेलंच आहे तर ७४ कशाला, असा प्रश्न येतो. कारखान्यातून निघाल्यावर त्यावर लिस्टेरिया हा जंतू बसू शकतो आणि तो फ्रिजच्या थंडीतही वाढतो. गरोदर बायका, म्हातारी माणसं आणि आजारी माणसं यांना तो फार घातक. त्यांच्यासाठी वाफ निघेपर्यंत गरम केलेलंच हवं. फ्रिजमधून काढून तसंच थंड खायला देऊ नका.

कच्च्या, घरी केलेल्या सॉसेजसाठी आमचा सल्ला सरळ आहे: आधी शिजवा, मग धूर द्या. आपल्या उस्मानाबादी बोकडाचा खिमा तसा कमी चरबीचा. किलोत दोनशे ग्रॅम तरी चरबी हवी, नाहीतर सॉसेज रबरासारखं होतं. मीठ पंधरा ते अठरा ग्रॅम. मसाल्यात लसूण, मिरे, आणि आवडत असेल तर चमचाभर येसर. खिमा, भांडं, सगळं थंडगार ठेवा आणि वाटताना बर्फाचा चुरा घाला. तापलं तर चरबी सुटते आणि लगदा फाटतो. आवरण नसेल तर स्वयंपाकाच्या फॉइलमध्ये घट्ट वळकटी करा, दोन्ही टोकं पिळा आणि ८० अंशांच्या आसपासच्या, म्हणजे वाफाळत्या पण न उकळणाऱ्या, पाण्यात सोडा. आत ७४ अंश झाले की काढा, फॉइल सोडा, पुसा आणि लगेच गरम असतानाच वीस-तीस मिनिटं धुरात ठेवा. इथे धुराला फक्त चवीचं काम उरतं. हाच आपला धुंगार, जरा लांबवलेला.

शेगडी नसेल तर जुनी लोखंडी कढई घ्या. नॉनस्टिक नको, तिचा मुलामा फार तापला की बिघडतो आणि त्याचा धूर वाईट. तळाशी फॉइल, त्यावर मूठभर आंब्याच्या लाकडाच्या ढलप्या, त्यावर चरबी झेलायला फॉइलची ताटली, वर जाळी. गॅस मोठा करून धूर निघाला की सॉसेज ठेवा, झाकण लावा, कडेला कणीक थापा आणि आच मंद करा. पंधरा-वीस मिनिटांनी आतलं तापमान बघा. कमी भरलं तर तव्यावर पूर्ण करा.

आणि कोळशाचं काम मोकळ्या हवेतच करायचं, गॅसवरच्या कढईचं दारं-खिडक्या उघड्या ठेवून. पेटत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. थंडीत दार लावून खोलीत शेगडी ठेवल्याने माणसं झोपेतच गेली, अशा बातम्या दर हिवाळ्यात येतात. ज्या स्वयंपाकघरातून चुलीचा धूर काढायला आपल्या आया-बहिणींची उमर गेली, तिथे हौसेपायी तो परत कोंडू नका.

लांबट पाव मिळाला नाही तर लादीपाव आहे, नाहीतर ज्वारीची गरम भाकरी. वर कांदा आणि ठेचा. त्यात कमीपणा काही नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न: मुलं रोज मागतात. रोज दिलं तर चालेल का?*

नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस, म्हणजे खारवलेलं, धूर दिलेलं, नायट्राइट घातलेलं मांस, कर्करोगकारक म्हणून नोंदवलं. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा अंदाज आहे. ५० ग्रॅम म्हणजे साधारण एक हॉटडॉग. ही वाढ मूळ धोक्याच्या तुलनेत आहे. शंभरातल्या अठरा जणांना कर्करोग होतो, असा त्याचा अर्थ नाही. महिन्यातून एखाद्या वेळी हौसेने खाणं वेगळं आणि रोजच्या डब्यात देणं वेगळं. आणि लहान मुलांना अख्खं देऊ नका. गोल तुकडे घशात अडकतात. आधी उभे चिरून मग बारीक करा.

*प्रश्न: आमच्याकडे वीज चार-चार तास जाते. फ्रिजरमधलं सॉसेज फेकून द्यायचं का?*

फ्रिजर भरलेला असेल आणि दार उघडलं नाही, तर चार तासांत सहसा काही बिघडत नाही. पाकीट दगडासारखं असेल किंवा आत बर्फाचे कण असतील तर चालेल. पूर्ण मऊ, कोमट झालं असेल आणि किती वेळ तसं होतं ते माहीत नसेल, तर फेका. वास घेऊन ठरवू नका. आजारी पाडणाऱ्या जंतूंना वास असेलच असं नाही.

*प्रश्न: माळेगावच्या यात्रेत गाडा लावायचा विचार आहे. काय काळजी घ्यावी?*

चांगला विचार आहे. आधी अन्न सुरक्षेची नोंदणी करा, छोट्या विक्रेत्यालाही ती लागते. माल बर्फाच्या पेटीत ठेवा, पेटीतही थर्मामीटर ठेवा. कच्च्याचा चिमटा आणि शिजलेल्याचा चिमटा वेगळा. तयार झालेलं सॉसेज ६० अंशांच्या वर गरमच राहिलं पाहिजे, नुसतं झाकून ठेवणं पुरत नाही. उरलेलं दुसऱ्या दिवशी विकायचं नाही. आणि यात्रेत घरी केलेलं कच्चं सॉसेज नको, शिजवलेलं पाकीटबंदच घ्या. तांत्रिक मार्गदर्शन हवं असेल तर लातूर जिल्ह्यात उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, हैदराबादजवळ चेंगिचर्ल्याला मांस संशोधनाची राष्ट्रीय संस्था आहे. तिथे विचारायला संकोच करू नका.

*प्रश्न: आम्ही शाकाहारी. आमच्यासाठी यात काही आहे का?*

धूर सगळ्यांचा आहे. पनीर, वांगं, टोमॅटो, मक्याचं कणीस, सोयाचं सॉसेज, सगळ्याला हीच कढई चालते. फक्त पनीरलाही फ्रिजचा आणि वेळेचा नियम लागू. दुधाचा पदार्थ आहे, उन्हात तोही मांसासारखाच लवकर बिघडतो.

*प्रश्न: थर्मामीटर नसेल तर कापून बघितलं तर चालेल का? रस पांढरा आला की शिजलं, असं म्हणतात.*

अखंड कोंबडीच्या बाबतीतसुद्धा ही खूण भरवशाची नाही. सॉसेजला तर मुळीच नाही, कारण मसाल्याचा आणि धुराचा रंग त्यात मिसळलेला असतो. दोन सॉसेज बाहेरून सारखी तांबूस झाली, तरी एक आत ७५ अंशांवर आणि दुसरं ५५ अंशांवर असू शकतं. डोळ्यांना आणि नाकाला धूर कळतो, आतली आच कळत नाही. ती मोजावीच लागते. थर्मामीटर येईपर्यंत पाण्यात चांगलं उकळून घ्या. चव थोडी उतरेल, पण घरात कुणी आजारी पडणार नाही.